कंपनीची सायकल

तुर्भ्याच्या डोंगरातली दगडखाण बंद पडली तेव्हा मारोती वाहुळे चाळिशीत होता. जिंतूरकडून आलेला हा माणूस वीस वर्षं खडीच्या क्रशरवर राबला होता. पुढे त्याला एका गोदामावर वॉचमनची नोकरी लागली, आणि उजाड पडलेला डोंगर त्याच्या धाकट्या मुलीला, शर्मिलाला, सायकल दामटायला मिळाला.

ट्रकांनी पाडलेले खडबडीत रस्ते, निसरडी खडी, अंगावर येणारे उतार. दहावीत असल्यापासून ती एका जुन्या सायकलवर तिथं चढायची-उतरायची. ड्युटी संपली की मारोती घरी न जाता डोंगराकडं वळायचा आणि मोबाइलवर वेळ लावून खालच्या वळणाला उभा राहायचा.

"बारा मिनिटं चार सेकंद! काल बरी होतीस गं माय!" असं तो ओरडायचा, आणि ओरडून झालं की बराच वेळ खोकायचा.

बाविसाव्या वर्षी शर्मिला माउंटन बाइकिंगमध्ये राज्यात दुसरी आली. पेढे वाटून झाले आणि प्रश्न होता तिथंच राहिला. देशभरातल्या मुली हलक्या, महागड्या सायकली घेऊन उतरत होत्या. स्पॉन्सर मिळाल्याशिवाय पुढं जाणं अशक्य होतं. तिनं कंपन्यांना मेल करायला सुरुवात केली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका बाईनं इन्स्टाग्रामवर किती फॉलोअर आहेत एवढंच विचारलं आणि आकडा ऐकून फोन ठेवला.

पुण्याच्या एका सायकल कंपनीतला कुलदीप मात्र डोंगरावर येऊन तिची राइड बघून गेला.

"चालवतेस जबरदस्त," तो म्हणाला. "पण लोकांना नुसती राइड नको असते, गोष्ट लागते. वडील काय करतात?"

शर्मिलानं खाणीचं सांगितलं. कुलदीपचे डोळे चमकले.

मार्चमधल्या एका सकाळी कॅमेरेवाले आले. मारोतीनं डोक्यावर खडीची पाटी घेऊन चढ चढायचा आणि शर्मिलानं त्याच्या शेजारून सायकलवर वर जायचं, असं ठरलं. मारोतीनं जन्मात पाटी उचलली नव्हती, तो मशीनवर होता. पण त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. ट्रंकेतून जुनी पँट काढली, गालाला धूळ म्हणून पावडर लावू दिली, लग्नघरातल्या माणसासारखा पुढं-पुढं करत राहिला.

एकदा ऊन गेलं, एकदा मागं कुणीतरी आलं, एकदा शर्मिलाच लवकर निघाली. पाचव्या खेपेनंतर मारोती दगडावर टेकला.

"दम लागायलाय. जरा बसतो."

"राहू द्या काका," कुलदीप म्हणाला. "आहे त्यात भागवू."

शर्मिला मॉनिटरवर बघत होती. त्यात ती चढावर अडखळलेली दिसत होती. सगळं आयुष्य या दीड मिनिटावर अडलंय, असं तिला वाटत होतं.

"बाबा, अजून एकदाच," ती म्हणाली. "फक्त एकदा."

मारोती उठला.

अकरा लाख लोकांनी तो व्हिडिओ बघितला. शर्मिलाला वर्षभराचा करार मिळाला. नवी सायकल, कोच, स्पर्धांचा प्रवास, दरमहा मानधन. गोदामाच्या गेटवर मारोती येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला थांबवून मोबाइल दाखवायचा. "हा मी," म्हणायचा.

ऑगस्टमध्ये त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. फुप्फुसं दगडाच्या भुकटीनं भरली होती. शर्मिलानं डॉक्टरांना त्या सकाळचं सांगितलं. "ही वीस वर्षांची भुकटी आहे, एका दिवसाची नाही," ते म्हणाले. तिनं तीनदा विचारलं. तीनही वेळा त्यांनी तेच सांगितलं, आणि तीनही वेळा तिला ते पटलं नाही.

सप्टेंबरात राष्ट्रीय स्पर्धा होती. ती जात नव्हती. मारोतीनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"जा. एवढं करून मिळवलंय."

ती पाचवी आली. मिळेल त्या गाडीनं परतली, तेव्हा त्याला शुद्ध होती.

"टाइम किती लागला?" त्यानं विचारलं. तिनं सांगितला. "चांगला हाय," तो म्हणाला. दोन दिवसांनी तो गेला.

कुलदीप भेटायला आला, शर्मिलाच्या आईसमोर, वेणूबाईसमोर चटईवर बसून राहिला. महिन्याभरानं त्याचा फोन आला. पाचव्या नंबरावर करार वाढवायला वरचे लोक तयार नव्हते. आणखी एक व्हिडिओ केला तर वाढेल: मुलगी वडिलांचा फोटो घेऊन डोंगराच्या माथ्यावर जाते.

"तुला काय वाटंल ते कर," वेणूबाई म्हणाली. "माझ्याकडं नको बघू."

चौथ्या दिवशी शर्मिलानं फोन केला. "जमणार नाही, सर. एकदा वर चढवलं त्यांना. आता फोटोला नाही चढवणार."

"तुझ्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं," कुलदीप म्हणाला. "पण करार संपेल."

मार्चअखेर तिनं सायकल धुतली, चेन पुसली आणि कंपनीच्या माणसाच्या ताब्यात दिली.

घरात मारोतीचे फोटो होते, पण हलता-चालता मारोती फक्त त्या व्हिडिओत होता. वेणूबाई दुपारी भिंतीला टेकून तो लावायची. सगळ्यावर संगीत चढवलेलं. पाटीखालचा मारोती काहीतरी बोलताना दिसायचा.

"तोंड हलायलंय त्यांचं," ती म्हणायची. "काय म्हणायलेत गं?"

शर्मिलाला आठवत नव्हतं. त्या वेळी तिचं सगळं लक्ष चढावर होतं. तिनं कुलदीपकडं मूळ शूटिंग मागितलं, नुसता आवाज असला तरी चालेल म्हणाली. त्यानं तीन आठवडे शोध घेतला. काम झाल्यावर सगळं पुसून टाकलं होतं.

त्यानंतर ती जुन्या सायकलवर एकदाच स्पर्धेत उतरली आणि नववी आली. आता ती कोपरखैरण्याला सायकलच्या दुकानात काम करते. खोक्यातून आलेल्या लहान मुलांच्या सायकली जोडते, ब्रेक बसवते. गिऱ्हाइकांपैकी एखादा अजूनही तिला ओळखतो.

"तुम्ही त्या व्हिडिओतल्या ना? आणि तुमचे वडील? ते काय करतात आता?"

"रिटायर झाले," ती सांगते, आणि सीट किती उंच ठेवू, ते विचारते.