नाकातल्या नळीले फोडणी

दाल नाकात अडकलती. म्हणजे नाकातल्या नळीत. रविवारची सकाळ होती, बायको सुमन नळावर पाण्याले गेलती, आन मी खाटेवर बसून सिरिंजचा दट्ट्या दाबून राह्यलो होतो. दट्ट्या हालत नोहता.

मी धंद्यानं आचारी. लग्न, तेरवी, भागवत, बालाघाटात कुठंबी पंगत बसली का लोकं मले बलावतात, महाराज म्हणतात. शाळेत मी गेलो ते खिचडी शिजवाले. अशा माणसाच्या घशात कॅन्सरची गाठ निघाली. देवालेबी मजाक समजते.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणे, सिकाई लागन. रेडिएशनले आमच्या इकडं सिकाईच म्हणतात. मले वाटलं गरम पाण्याची पिशवी असन, मी घरून फडकं घेऊन गेलतो. तिथं निघाली ही एवढी मशीन. मान हालू नये म्हणून तोंडावर छेदाछेदाचा मुखवटा दाबून बसवतात, अगदी बुंदी पाडाच्या झाऱ्यासारखा. सारी जिंदगी झारा वरतून पाह्यला, आता खालतून पाहून राह्यलो.

सिकाई होते तवा दुखत नाई. दुखते ते मंग. गळ्याची कातडी काळी पडली, आतून छाले, म्हणजे फोड आले. थुंकी अशी चिकट झाली का बोटात धरून ओढली तं दोन तारी चाशनी. चव पुरी गेली. पाण्याचा घोट घेतला तं डोयातून पाणी ये. तवा त्यायनं नाकातून पोटापर्यंत बारीक नळी टाकली. पातळ जेवण सिरिंजनं त्याच्यात सोडाचं, मागून साधं पाणी सोडून नळी धुवाची. डाएटवाल्या मॅडमनं सुमनले समजावून सांगतलं, दाल पतली, बिना तडके की, कपडे से छानकर.

डॉक्टरनं मले वेगळं सांगतलं. माहं वजन उतरत चाललं होतं. अजून उतरलं तं सिकाई मधातच थांबवा लागन, आन मधात थांबली तं गाठ पुन्हा डोकं काढन. म्हणजे नळी गेली तं मी गेलो, असा हिशोब. आन म्या त्याच नळीत दाल कोंबली.

झालं असं. सुमन रोज पांढरी, फिक्की दाल आणे. नळीतून गेली तं चव लागतच नाई, हे मलेबी समजे. पण एक नाकपुडी नळीची होती, दुसरी तं माही होती. त्या दालीले वासच नोहता. आचाऱ्याच्या पोटात अशी दाल जाते, लोकायले समजलं तं काय म्हणतीन? त्या रविवारी सुमन बाहेर पडली तसा मी उठलो. तेल तापवलं. मोहरी, जिरं, लसून, हिंग. तडतडली, तशी दालीवर ओतली. वास आला, तं मी लढाई जिंकल्यासारखा खाटेवर येऊन बसलो. छानली नाई. छानली असती तं फोडणी फडक्यातच राह्यली असती ना.

सुमन आली. म्या घोगऱ्या आवाजात सांगतलं का दाल जात नाई. तिनं दालीच्या गंजात वाकून पाह्यलं.

"हे काळं काळं काहून तरंगून राह्यलं?"

"मोहरी."

"नाकाले फोडणी देल्ली तुमी?"

तिनं दवाखान्यात फोन लावला. तिथली सिस्टर म्हणे, कोमट पाणी घाला, हळूहळू मागंपुढं करा, जोर लावू नका. केलं. पाणी काही जाये नाई. शेजारचा बबन सायकलच्या चक्क्याची तार घेऊन आला, म्हणे घालून पाहू. सुमननं त्याले तारेसकट बाहेर काढलं.

मंग आमी गोंदियाची बस धरली. पोट रिकामं, तोंड बंद. वाटेतलं राजेगाव आलं. सुमन खिडकीतून बाहेर पाहतच म्हणे, "वजन उतरलं, सिकाई थांबली, तं मी काय करू? सांगा."

म्या थैलीतली सिरिंज काढून तिच्या हातात देल्ली.

दवाखान्यात सिस्टरनंबी पाण्यानं करून पाह्यलं, मंग नळीच काढून टाकली. आता नवी टाकाची. ती म्हणे, "पानी का घूँट लो और निगलो." जे गिळता येत नाई म्हणून नळी देल्ली, तेच गिळा म्हणते. पयल्या डावाले नळी घशातून फिरून तोंडात आली. दुसऱ्या डावाले म्या सुमनचा हात धरला आन गिळलं. डोये, नाक, सारंच वाह्यलं, पण नळी गेली. त्यायनं ती बरोबर जागी बसली का ते तपासलं, तवा कुठं पोटात दूध गेलं.

सिस्टरनं जुनी नळी उजेडात धरली. आत मोहरीचे दाणे पंगतीले बसल्यासारखे ओळीनं बसले होते.

"महाराज जी, ये किसने बनाया?"

म्या सुमनकडं बोट दाखवलं. सुमननं माह्याकडं. सिस्टरनं सुमनचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं मले काट्यावर चढवलं. म्या श्वास भरून ठेवला, तेवढंच वजन वाढन म्हणून. ते म्हणे, साँस छोड़ो. वजन थोडं उतरलं होतं, पण थांबवाइतकं नाई. "सिकाई चालू रहेगी," ते म्हणे, "लेकिन ये आदमी रसोई में नहीं जाएगा." लोकं मले रसोईसाठी गावागावातून बलावतात. मले माह्याच घरच्या रसोईतून डॉक्टरच्या हुकमानं काढलं.

सिकाई पुरी झाली. काही दिवसानं नळीबी निघाली. गाठ आता दिसत नाई म्हणतात, तपासाले जातो. चव मात्र अर्धीच वापस आली.

त्याच्यानंतरची पयली ऑर्डर एका पटवारी साहेबाच्या पोरीच्या लग्नाची. मीठ मले समजे नाई, म्हणून सुमन कढईजवळ उभी राहून चाखे आन मले इशारा करे. पंगत उठली तसे साहेब सोता मागं आले. म्हणे, "महाराज, बिमारीनं तुमचा हात सुधरला."

मी हौ म्हटलं. इतके वर्ष मीठ मीच चाखत होतो, आन आज सुमननं चाखलं, हे सांगतलं नाई. आपली जीभ लय चांगली असं ज्याले वाटते, त्यानं एकडाव ती बंद ठेवून पाहावं.