दोन जागा एकमेकींवर आल्या तर

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या कंपनीनं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी प्रोग्राम दिला होता. लिहिला होता मीच. उसाची गाडी आवारात आली की तिला नंबर मिळायचा. एक गाडी काट्यावर गेली की मागचे सगळे नंबर एकेक घर पुढं सरकायचे. सरकवण्याचं काम सी भाषेतलं एक तयार फंक्शन करायचं. पहिला हंगाम बिनघोर गेला.

दुसऱ्या हंगामात कारखान्यानं नवा कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासोबत नवा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं साधन, आणि त्याची स्वतःची तयार फंक्शनंही आली. प्रोग्राम त्यावर चढवायला मीच गेले होते आणि काट्याच्या केबिनमध्ये थांबले होते. सकाळी पहिली गाडी काट्यावर गेली, आणि पडद्यावर एकदम शेवटी आलेल्या ट्रॅक्टरचा नंबर लागला. त्याच्या मागेही तोच. खाली सगळीकडे तोच.

तो ट्रॅक्टर नेमका एका संचालकांच्या मेहुण्याचा.

"आमची बैलं पहाटंपास्नं हुबी हायती, आन् म्हेवण्याला पुढं घालतासा व्हय?"

माणसं केबिनच्या खिडकीला भिडली. मेहुणा बिचारा पांढराफटक पडला. "आईशप्पत, मी कुणाला काय बी सांगितलं न्हाय!" एकानं त्याची गचांडी धरली. बाई म्हणून मला कुणी हात लावला नसता, पण त्याला सोडलं नसतं. मी धावत बाहेर आले आणि ओरडले, "यांचा काही दोष नाही! मशीन चुकलंय!"

"मग मशीन कुणाचं म्हेवणं म्हणायचं?" एक म्हातारा म्हणाला. हशा पिकला, गचांडी सुटली. काटेवाल्यांनी हातानं चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली.

आत येऊन त्या फंक्शनांचं पुस्तक उघडलं. इथून तिथं इतकी अक्षरं उतरतात, एवढंच लिहिलं होतं. जिथून उतरवायचं आणि जिथं उतरवायचं त्या दोन जागा एकमेकींवर आल्या तर काय, यावर अवाक्षर नाही. जुनं फंक्शन पुढून उतरवत यायचं; नवं मागून, त्यामुळं शेवटचा नंबर सगळ्यांवर चढला होता.

कंपनीतल्या साहेबांना फोन लावून हे सांगितलं. ते म्हणाले, "करू नये असं कुठं लिहिलंय?"

"चालेल असं तरी कुठं लिहिलंय, सर?"

मी फोन ठेवला.

नंबर पुढून सरकवणाऱ्या चार ओळी मी स्वतः लिहिल्या. दुपारपर्यंत गाड्या रांगेनं लागल्या. पण एसटीत बसल्यावर त्या प्रोग्रामातली बाकीची फंक्शनं एकेक करून आठवायला लागली. पुस्तक आणखी कुठं कुठं गप्प बसलं होतं, कुणास ठाऊक. ती तपासूया का, असं मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांना विचारलं.

"हंगाम संपू दे," ते म्हणाले.

कारखान्याचाच असेल या धास्तीनं गाळप संपेपर्यंत ऑफिसातला फोन मी एकदाही उचलला नाही.