गप्प बसलेल्या फोनशी घासाघीस

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका हॉलमध्ये माझ्या दिराचं भाषण झालं. विषय होता, धंदा चालेना तेव्हा आम्ही काय शिकलो. त्याने पडद्यावर पाच धडे लावले होते. तिसरा धडा: 'चुकीच्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करू नका.' लोक हसले. मी चौथ्या रांगेत बसले होते, हातात समोसा होता. चहाच्या वेळी तो जवळ येऊन म्हणाला, "वहिनी, ते तुम्हाला उद्देशून नव्हतं हं."

मग कोणाला होतं? कॅमेऱ्यासमोर दुसरं कोण उभं होतं?

म्हणून माझी बाजू मी इथे लिहिते आहे.

मी साड्या विकायला लागले ती ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समधून, गाठोडं घेऊन, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून. भाव करणं मला तिथल्या बायकांनी शिकवलं. भाव ऐकून "अगंबाई, एवढा?" म्हणणारी बाई साडी घेते. नाक मुरडणारीसुद्धा घेते, जरा उशिरा. पण जी भाव ऐकते, पदरावरून एकदा हात फिरवते आणि गप्प बसते, तिच्यापुढे भले भले खाली येतात. म्हणून माझा नियम असा की भाव सांगायचा आणि तोंड मिटायचं. आधी बोलेल तो हरला. या एका नियमावर मी डोंबिवली पूर्वेला स्वतःचं दुकान घेतलं. कोणाचं एक पैशाचं पाठबळ नव्हतं. दिराचं तर नव्हतंच, तो तेव्हा कॉलेजात होता आणि त्याचा रेनकोटसुद्धा मी घेऊन दिला होता.

हा दीर चांगली नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर ॲप काढून बसला. दुकानदाराने व्हिडिओवर माल दाखवायचा, लोकांनी घरबसल्या बघून बटण दाबायचं.

"वहिनी, घासाघीस हा प्रकारच संपला समजा," तो म्हणाला. "भाव फिक्स."

"भावजी, भाव फिक्स असला तर बाईने घरी जाऊन नवऱ्याला सांगायचं काय?"

ठाण्या-कल्याणची सगळी बाजारपेठ पालथी घालून झाली होती, एकही दुकानदार तयार होईना, तेव्हा त्याला वहिनीचं दुकान आठवलं. त्याने विक्रीत शंभराला पंधरा मागितले. मी सहावर आणला, आणि दिवा, तिपाई, कुरिअरच्या पिशव्या त्याच्याकडून घेतल्या. हे त्याच्या पाच धड्यांत कुठेच नाही.

दर गुरुवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून मी तिपाईवर लावलेल्या त्याच्या ऑफिसच्या फोनसमोर उभी राहायची. पहिले काही गुरुवार बघणाऱ्यांत निम्मे आमचेच नातेवाईक. प्रश्न काय यायचे? "मागचा पंखा कुठल्या कंपनीचा?" "वहिनी बारीक झालात!" कल्याणच्या एक बाई तासभर व्हिडिओ बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून साडीला हात लावायला यायच्या. म्हणायच्या, "फोनमध्ये पोत कळत नाही हो." घ्यायच्या काहीच नाहीत. दीर म्हणाला, हळूहळू सवय लागेल. मी म्हटलं, रिक्षावाल्याला लागली आहे.

मग लग्नसराईच्या तोंडावर माझ्याकडे राणी रंगाच्या सेमी-पैठण्या आल्या. मोरपंखी काठ, हाताला लागताच बोटं रेंगाळावीत असा पोत. मंगळवारी बाई आल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली. गाठोड्याच्या दिवसांपासूनच्या माझ्या गिऱ्हाईक. सुनेच्या ओटीभरणाला त्यांनी तीच पैठणी काढायला लावली. मी चोवीसशे म्हटलं. त्या हजारावरून सुरू झाल्या. दोन वेळा उठून पायरीपर्यंत गेल्या, दोन वेळा मी हाक मारली. चहा झाला. शेवटी साडेसतराशेला मी कपाळाला हात लावून म्हटलं, "बाई, देवाशपथ, हा शेवटचा भाव. याच्या खाली सख्ख्या बहिणीलाही देणार नाही."

"बहीण तुझ्याकडून घेतच नाही," बाई म्हणाल्या आणि पैसे दिले. पण जाताना चेहरा असा होता, जणू किल्ला सर करून निघाल्या.

गुरुवारी तीच साडी मी व्हिडिओवर धरली. ॲपवरचा भाव ठरला होता एकोणीसशे. मी काठ दाखवला, पदर दाखवला, "एकोणीसशे" म्हणाले आणि सवयीने थांबले.

फोन गप्प.

आता मला एक गोष्ट माहीत नव्हती. माझं बोलणं लोकांपर्यंत अर्ध्या मिनिटाने पोचत होतं आणि त्यांचं लिहिलेलं आणखी तेवढ्याच उशिराने माझ्यापुढे येत होतं. दीर म्हणतो, सांगितलं होतं. त्याने हसा म्हणून सांगितलं होतं, पांढरी साडी नेसू नका म्हणून सांगितलं होतं. हे सांगितलं असतं तर मी विसरले असते का? मला वीस वर्षांपूर्वी कोणी किती रुपये कमी दिले ते पाठ आहे.

मी वाट बघितली. एक अक्षर नाही. मनात म्हटलं, पलीकडची गिऱ्हाईक पक्की आहे. एवढं मुरलेलं गप्प बसणं मी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं.

"बरं, अठराशे. तुमचं नाही, माझं नाही."

गप्प.

"सोळाशे! सकाळची वेळ... म्हणजे दुपारची, पण बोहनी समजा."

गप्प. मला घाम फुटला. त्यातून दिव्याची उष्णता. माझा पारा चढला. "अहो, घ्यायची नसेल तर तसं सांगा, पण माणसाचा असा अंत पाहू नका! चौदाशे!" मग स्वतःच पुढे म्हणाले, "नको? साडेतेराशे? साडेअकराशे! आता फुकट देऊ का?"

आणि तेवढ्यात पडदा भरून आला. "मला एक, १९००." "माझ्यासाठी दोन." "सुंदर! बुक करा १९००ला." एकामागून एक. मग त्याच बायका: "१८००चं झालं का? मला तो भाव लावा." मग "१६००." एकीने लिहिलं, "कोणी काही बोलू नका, खाली येतायत."

दीर ठाण्यातल्या ऑफिसात बसून हे बघत होता आणि मला फोनवर फोन करत होता. माझा फोन बंद करून ड्रॉवरमध्ये होता. लाइव्ह असताना स्वतःचा फोन बंद ठेवायचा, हा नियम त्याचाच.

साड्या सगळ्या गेल्या, साडेअकराशेला. मला त्या बाराशेला पडल्या होत्या. तो संध्याकाळी लालबुंद होऊन आला. "वहिनी, तुम्ही स्वतःशीच घासाघीस केलीत! आणि हरलात!" मीही त्याला सोडलं नाही. शेजारच्या चष्मेवाल्याने शटर खाली ओढून घेतलं, एवढं सांगितलं तरी पुरे.

पण तोट्याचं मला तेवढं वाटलं नाही. तोटा भरून काढता येतो. रात्रभर डोळ्यापुढे बाईच होत्या. त्यांची सून दर गुरुवारी व्हिडिओ बघायची, हे मला ठाऊक होतं. शेवटचा भाव म्हणून देवाची शपथ घेतली होती मी. माझ्या दुकानात विकायला साड्या आहेत, पण चालतो तो हा शब्द. बाईंनी तो खोटा ठरवला असता तर गल्लीत परत खरा करायला मला दुसरी वीस वर्षं मिळणार नव्हती.

शुक्रवारी अकराला बाई आल्या. पिशवी काउंटरवर ठेवली, स्टुलावर बसल्या आणि गप्प.

हे खरं गप्प बसणं होतं. मी लगेच ड्रॉवर उघडला. "बाई, वरचे सहाशे घ्या परत. माझी चूक झाली."

"ड्रॉवर मीट," त्या म्हणाल्या. "मी पैसे मागायला आले का? मंगळवारी माझे गुडघे दुखत असताना दोन वेळा उठून पायरी गाठली मी तुझ्यासाठी. आणि काल तू समोर माणूस नसताना, कोणी चकार शब्द न काढता, माझ्यापेक्षा सहाशे खाली उतरलीस! माझ्या घासाघिशीला काही किंमत?"

"तसं नाही हो बाई, त्या फोनमध्ये आवाज उशिरा..."

"ते सुनेने सांगितलं. हसून हसून तिच्या पोटात दुखलं, त्या अवस्थेत." त्यांनी पिशवीतून पैठणी काढून माझ्यापुढे टाकली. "मांड पुन्हा. पहिल्यापासून. आणि या खेपेला नीट कर."

मी घडी मोडली. पदर पसरला. चोवीसशे म्हटलं. त्या म्हणाल्या, "साडेअकराशे. काल भाव जाहीर झालाय." मी म्हटलं, तो यंत्राचा भाव, माणसाचा नाही. भांडलो. खरं भांडलो, काठावर, रंगावर, माझ्या चहात साखर कमी असण्यावर. मी मुद्दाम म्हणून एक पैसाही सोडला नाही, कारण सोडला असता तर त्यांना ते कळलं असतं. बाई एकदाच उठल्या, पायरीवर थांबल्या, मी हाक मारली. पाऊण तासाने सोळाशे पंचाहत्तरवर आलो, फॉल-पिको माझ्याकडून.

"देवाशपथ?" त्यांनी विचारलं.

"देवाशपथ," मी म्हटलं आणि पंचाहत्तर रुपये परत दिले. त्यांनी ते मोजून रुमालात बांधले.

दीर मागे उभा होता, हिशेबाला आला होता. म्हणाला, "वहिनी, पंचाहत्तर रुपयांसाठी पाऊण तास? अशाने धंदा मोठा कसा होणार?" बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. चौथीत तो त्यांच्याच वर्गात होता. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

बाई पायरी उतरता उतरता वळल्या.

"पुढच्या गुरुवारी आहेस का त्या फोनवर?"

"आहे. का हो?"

"सुनेच्या आईला इरकल हवी आहे," बाई म्हणाल्या. "तिला सांगून ठेवते, काही लिहू नकोस म्हणावं. नुसती बघत बस."