काडाखालचे स्लेटर

एप्रिल लागला, पेरणी जवळ आली की व्हर्ना लीनर्टचे पाय घरात ठरत नसत. चहा अर्धा टाकून ती रानात जायची, बुटाच्या टोकाने गव्हाचं जुनं काड उलथायची. खाली स्लेटर नावाचे किडे. करडे, नखाएवढे, चौदा पायांचे. उजेड पडताच काही अंगाची गोळी करत, बाकीचे सैरावैरा सुटत. कोरडं लागलं की त्यांना थांबवत नाही. ओल सापडली की तिथेच गप्प होतात. पोटाखालच्या पिशवीत पिल्लं घेऊन फिरणाऱ्या माद्या तिने पाहिल्या होत्या, आणि अर्धीच कात टाकलेलेही.

यॉर्क द्वीपकल्पावरच्या या रानात तिचे वडील दर साली धसकटं जाळत. ते गेल्यावर व्हर्नाने ते बंद केलं. त्याला अठरा वर्षं झाली. आधी हसलेले शेजारी पुढे तिच्या ओलसर मातीत मूठ खुपसून बघू लागले. पण त्याच काडाखाली स्लेटर माजले, आणि गेल्या साली कनोला या तेलबियांच्या पिकाची रोपं दोन पानांवर असतानाच त्यांनी कुरतडून टाकली.

धाकटा भाऊ क्लेम तिच्याबरोबरच शेती करायचा. तो म्हणाला, "जाळ आता एकदाचं. किड्यांची धर्मशाळा उघडलीयस तू."

"तुझ्या स्वयंपाकघरापेक्षा बरी आहे."

"थट्टा नको, व्हर्ना. पुन्हा पीक गेलं तर?"

"माती उघडी पडेल रे."

"बापाच्या वेळी पडत नव्हती?"

"पडायची. म्हणून तर."

आठवडाभर ती कुंपणाकडेने येरझारा घालत राहिली. शेवटी म्हणाली, "रस्त्याकडचं जाळू. आधी तेवढंच."

जाळायचा परवाना मिळाला. दुपारी वारा पडल्यावर क्लेमने आग लावली. राखून ठेवलेलं काड बघता बघता गेलं. राख पुरती निवायच्या आत व्हर्नाने गुडघे टेकले आणि मातीच्या भेगेत चाकू घातला. ढेकूळ निघालं. आत स्लेटर, एकमेकांना बिलगलेले, जिवंत. दुसऱ्या भेगेतही होते.

"किती आहेत?" क्लेमने विचारलं.

"पेरणी खायला पुरतील इतके."

तो बुटाने राख उकरत राहिला. "मग बाकीचं रान?"

"त्याला काडी लागायची नाही. कनोला राहू दे यंदा, जव पेरू. जवाची रोपं ते एवढी खात नाहीत."

"आणि हे जाळलेलं?"

वारा पुन्हा सुटला होता. राख रस्त्यावर चालली होती, आणि राखेच्या मागोमाग माती. व्हर्ना उठली आणि पुढच्या भेगेकडे निघाली.