रातोढुंग्याचा पालो

साइँली योन्जन रोज सकाळी गाडीशी भांडत असे, आणि मानेभंज्याङच्या स्टँडवर हे भांडण चहाइतकेच नेमाचे झाले होते. थंडीच्या महिन्यांत रेडिएटरमधले पाणी संध्याकाळीच काढून ठेवावे लागे, नाहीतर रात्रीत त्याचा बर्फ होऊन इंजिन तडकायचे. सकाळी ती घरून कोमट पाण्याचा डबा घेऊन येई, बॉनेटवरची रजई बाजूला करी आणि पाणी ओतता ओतता म्हणे, "पी. अजून पी. काल चढावर कोणाला बघून लाजलीस गं? मध्येच बंद पडायला काय झालं होतं?" गाडी धूर सोडत, खोकत सुरू होई. समोरच्या दुकानातून कोणीतरी ओरडे, "साइँली दिदी, दोघींपैकी खोकतंय कोण?"

"तुझी सासू," हे उत्तर ठरलेले असे.

ती लँडरोव्हर साइँलीपेक्षा वयाने मोठी होती. साहेबलोक चहामळा सोडून गेले तेव्हा तिच्या सासऱ्यांनी ती विकत घेतली होती. तेव्हापासून तिचे इंजिन बदलले, आसने बदलली, दिवे बदलले. मूळचा राहिला तो अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि तो गंजत नसल्यामुळे वयाची खूण म्हणून त्यावर फक्त पोचे उमटत गेले. सारे गाव तिला बूढी म्हणे. साइँलीचा नवरा रिन्जेन छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा दिरांनी गाडी विकण्याचा विषय काढला. साइँलीने एवढेच विचारले, "विकायचं नंतर बघू. चालवायला कोणी तयार आहे का?" दुसऱ्या दिवशी ती स्वतः स्टीअरिंगवर बसली. नवऱ्याच्या शेजारी बसून ती कित्येक वर्षे वर-खाली करत आली होती. कोणत्या वळणावर बूढी रुसते, हे तिच्या कमरेला पाठ होते.

बूढी चालवणे सुखाचे नव्हते, आणि साइँलीने ते तसे कधी भासवलेही नाही. पाऊस आला की पुढल्या काचेच्या फटीतून पाणी ठिबके, ते नेमके तिच्या डाव्या गुडघ्यावर. म्हणून ती गुडघ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून बसे. इंजिनाची धग पायाशी येई आणि वारा कानाशी, त्यामुळे बोटे भाजत आणि कान गारठत. स्टीअरिंग बरेच फिरवल्यावर चाकांना त्याची वार्ता कळे. खडकाळ चढावर गिअरचा दांडा असे हिसके देई की संध्याकाळी चुलीपाशी हात शेकल्याशिवाय तिला पळी धरवत नसे. डाव्या दाराची कडी कधीच मोडली होती. तिथे दोर बांधला होता, आणि तो धरून ठेवणे हे डाव्या बाजूला बसणाऱ्याचे काम होते. हातब्रेकचा भरवसा नव्हता. म्हणून अवघड वळणावर गाडी थांबली की सर्वांत मागे बसलेल्या माणसाने खाली उडी मारायची आणि चाकामागे उटी लावायची, हा बूढीचा कायदा होता. लाकडाची ती उटी आसनाखालीच असे. त्या कायद्यातून मास्तर सुटले नव्हते, गावचा पुढारी सुटला नव्हता.

गैरसोय ही दर वेळी उणीवच असते असे नाही. पुष्कळदा ती माणसामाणसांतल्या नात्याची अट असते. नव्या गाडीत माणूस भाडे देतो, काच वर करतो आणि उतरेपर्यंत कोणाचा कोणी नसतो. बूढीत निव्वळ प्रवासी होऊन बसण्याची सोयच नव्हती. कोणी दार धरी, कोणी उटी लावी, कोणी मांडीवर दुसऱ्याची कोंबडी घेई, आणि वर पोचल्यावर "आपण पोचलो" असे प्रत्येकाला खऱ्या अर्थाने म्हणता येई. साइँलीने हा विचार अशा शब्दांत कधी मांडला नसता. ती म्हणे, "हिच्यात झोप लागत नाही, म्हणून माणसं एकमेकांशी बोलतात."

मग वरपर्यंत काँक्रीटचा रस्ता झाला. तो झाला हे चांगलेच झाले. साइँलीही तसेच म्हणे. पण नवा रस्ता अंतर बघून आखला होता, आणि वाटेतल्या गैरीबास गावाच्या वरच्या अंगाला त्याने एक जुने वळण सोडून दिले होते. त्या सोडलेल्या वळणावर रातोढुंगा नावाची तीन घरांची वस्ती होती. दगड रचून केलेला जुना रस्ता गैरीबासपासून निघून या तीन घरांच्या दारातून जाई आणि वर धारेवर नव्या रस्त्याला पुन्हा मिळे. नव्या लांब गाड्या त्या दगडांवर पोट घासत. एकाने हौसेने प्रयत्न केला आणि तेल सांडत परत आला. रातोढुंग्याला जाणारी एकच गाडी उरली. साइँली तिथे तांदूळ नेई, गॅसच्या टाक्या नेई, खाली उतरताना बटाटे आणि छुर्पी, म्हणजे वाळवलेले कडक चीज, आणी. तिची चाके रोज फिरत, म्हणून त्या दगडांवर गवत चढत नव्हते.

स्टँडवर गाड्या पाळीपाळीने सुटत. ज्याचा पालो असेल त्याचे नाव पूर्णे नावाचा हाकाऱ्या खणखणीत आवाजात पुकारी, मग त्या गाडीत माल आणि माणसे चढत. पालो नाही त्याला मालही नाही. माघ महिन्यात चालक समितीची बैठक झाली, आणि समितीचे सेक्रेटरी धोजमान मोक्तान यांनी ठराव मांडला की, चैताच्या पहिल्या दिवसापासून जुन्या गाड्यांना पालो मिळणार नाही. त्या स्टँडवर सजवून उभ्या कराव्यात, फिरायला येणाऱ्या पाहुण्यांनी त्यात बसून फोटो काढावेत, त्याचे भाडे मालकाला मिळावे.

धोजमान वाईट माणूस नव्हता. रिन्जेनला तो दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत असे, म्हणून साइँली त्याची भाउजू, वहिनी. त्याचे म्हणणेही पोकळ नव्हते: बूढी एकदा अरुंद जागी बंद पडली होती आणि मागे सगळी रांग दुपारपर्यंत अडकली होती.

"भाउजू, आता आराम करा," तो म्हणाला. "बसल्या जागी भाडं मिळेल. बूढीला हार घालू, रंग देऊ."

"हार कोणाला घालतात ते ठाऊक आहे मला," साइँली म्हणाली. सगळे हसले, धोजमानही हसला. मग तिने विचारले, "आणि रातोढुंग्याची गॅसची टाकी?"

"खाली नव्या रस्त्यापर्यंत येऊन घेऊन जातील. चालायला कितीसं आहे?"

"भाइ, तुम्ही टाकी पाठीवर घेऊन चालला आहात का कधी?"

ठराव मंजूर झाला. तीन घरांना समितीत मत नव्हते. ज्याची अडचण त्याला बोलायला जागा नाही, आणि ज्याला जागा आहे त्याला अडचण ठाऊक नाही, अशा बैठका जगात सर्वत्र होतात, मानेभंज्याङलाही झाली. साइँली घरी गेली, आणि दुसऱ्या सकाळी कोमट पाण्याचा डबा घेऊन पुन्हा स्टँडवर आली. चैत लागेपर्यंत पालो तिचाच होता.

फागुनच्या शेवटी धोजमानच्या धाकट्या मुलाचे, पेमसाङचे लग्न निघाले. नवरी वर कैंयाकाट्याची. जन्ती, म्हणजे नवऱ्याकडची वरात, आदल्या दिवशी गैरीबासला मुक्कामी गेली. सगळ्या गाड्या नव्या होत्या. वरातीत बूढीला बोलावणे नव्हते. नवरीच्या दारात गाड्या चकचकीत दिसायला हव्यात, म्हणून संध्याकाळी ड्रायव्हर मंडळी हौसेने त्या वरच्या धाऱ्यापाशी, म्हणजे झऱ्यापाशी, घेऊन गेली, आणि बादल्यांवर बादल्या ओतून प्रत्येक गाडी आरशासारखी पुसून खाली आणली. ते पाणी काँक्रीटच्या उतारावरून वाहत गेले. त्या अंगाला ऊन उशिरा येते, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होते. पण लग्नघाईत माणसाचे जन्माचे ज्ञानही कधी कधी बाजूला पडते.

सकाळी साइँली रातोढुंग्याचा माल घेऊन गैरीबासला पोचली तेव्हा चढाच्या पायथ्याशी वरात उभी होती. रस्ता काचेसारखा गोठला होता. पहिली गाडी आडवी घसरून कठड्याला टेकली होती. कोणी चुलीतली राख पसरत होते, कोणी मीठ टाकत होते, आणि म्हातारे लामा ढगांकडे बघून साइत, म्हणजे लग्नाचा मुहूर्त, टळण्याचा हिशेब करत होते.

साइँलीने डोके बाहेर काढले. "काय हो भाइ, इतका गुळगुळीत रस्ता, आणि वरात थांबली?"

"भाउजू, थट्टा नंतर करा," धोजमान म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "जुन्या रस्त्यानं बूढी वर जाईल?"

"रोज जाते."

"आम्हाला न्याल?"

"न्यायला काय झालं? पण आधी यांचा माल. आज रातोढुंग्याचा पालो आहे."

"साइत टळेल हो!"

गाडीत मागे बसलेल्या रातोढुंग्याच्या आम्बिरमाया बोजूंनी, म्हणजे सर्वांच्या आजीने, मान पुढे काढली. "रस्ता आमच्या दारातूनच जातो रे. चार जणांनी हात लावला तर टाक्या उतरायला किती वेळ? लग्नाचे कपडे आहेत, हात तर मोडले नाहीत ना?"

मग जागेचा प्रश्न आला. पुढे साइँलीच्या शेजारी लामा बसले, आणि दाराशी धोजमान. साइँलीने दोराचे टोक त्याच्या हातात दिले. "हे सोडू नका, नाहीतर सेक्रेटरी दरीत आणि दार माझ्याकडे." मागे पोती, टाक्या, बोजू, सगुनाची भांडी, आणि सर्वांत शेवटी जागा उरली ती नवरदेवाला.

"मागे बसणारा उटी लावतो," साइँली म्हणाली.

नवरदेवाची आई कळवळली. "अहो, लग्नाचा नवा दौरा घातलाय त्यानं अंगात!"

"आमा, राहू दे," पेमसाङ म्हणाला आणि त्याने आसनाखालची उटी उचलून मांडीवर घेतली. जमलेल्या पोरींनी टाळ्या पिटल्या.

जुना रस्ता पूर्वेच्या अंगाला होता. तो आखणाऱ्यांनी ऊन बघून आखला होता, आणि त्या सकाळीही दगड कोरडे होते. साइँलीने लहान गिअर टाकला, चारही चाकांना जोर दिला, आणि बूढी दगडांना एकेक करून पकडत चढू लागली. लामा म्हणाले, "साइँली, हा दांडा गिअरचा आहे की माझ्या गुडघ्याचा, एकदा ठरव." पहिल्या वळणावर गाडी एका दमात फिरेना. "उटी!" साइँली ओरडली. नवरदेवाने उडी मारली, दगडांच्या कडेच्या चिखलात गुडघा टेकून लाकूड चाकामागे सारले. गाडी टेकली, सावरली, वळली. दुसऱ्या वळणावर ती ओरडण्याआधीच तो खाली होता. धोजमानच्या तळहातावर दोराचे वळ उठले, पण त्याने दोर सोडला नाही.

रातोढुंग्याला तिन्ही घरांतली माणसे दारात आली. नवरदेव आणि नवरदेवाचा बाप टाक्या खाली उतरवत आहेत, हे दृश्य त्यांनी आधी नुसते पाहिले, आणि मग मनापासून हसले. धोजमानने एक टाकी पाठीवर घेतली आणि बोजूंच्या अंगणापर्यंत चालत गेला. परत येऊन त्याने घाम पुसला आणि दोर हातात घेतला.

बूढीने फेऱ्यांवर फेऱ्या केल्या. प्रत्येक फेरीत मागे बसणारा बदलला आणि प्रत्येकाने उटी लावली. मामा, आत्या, डम्फू वाजवणारे, आणि शेवटी ज्यांनी गाड्या धुतल्या होत्या ते ड्रायव्हरही. डम्फूवाल्यांना वाजवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी बूढीच्या पत्र्यावरच ताल धरला. वर धारेवर नवरीकडची माणसे इंजिनाच्या आवाजावरून ओळखून रस्त्यावर आली होती. "बूढी आली! बूढी आली!" हा गलका खालच्या वळणापर्यंत ऐकू आला. साइत टळली नाही. नवरदेव गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन नवरीसमोर उभा राहिला, आणि ती त्याच्याकडे बघून इतकी हसली की लामांना मंत्र क्षणभर थांबवावे लागले.

चैताचा पहिला दिवस उजाडला. मधल्या दिवसांत समितीची काही बैठक झाली असे साइँलीच्या कानावर आले होते, पण काय ठरले ते तिला कोणी सांगितले नव्हते, आणि विचारायला ती गेली नव्हती. तिने रजई काढली, पाणी ओतले, बूढीला दोन शब्द सुनावले आणि गाडी रांगेत आणून उभी केली. पूर्णेने पहिले नाव पुकारायला तोंड उघडले, तिच्याकडे पाहिले, आणि घुटमळला.

चहाच्या दुकानातून धोजमान बाहेर आला. "घसा बसला का रे तुझा?" तो पूर्णेला म्हणाला, आणि मग स्वतःच, सबंध स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "पहिला पालो! साइँली योन्जन! रातोढुंगा!"

स्टँडवर कोणीतरी हॉर्न वाजवला. मग सगळ्यांनीच वाजवले. नव्या गाड्यांनी सर्वांत मोठ्याने. साइँलीने गुडघ्याला बांधलेली प्लास्टिकची पिशवी नीट केली, कारण वर ढग होते. धोजमान मागच्या बाजूने चढू लागला. त्याला व्याह्यांकडे जायचे होते.

"भाइ, पुढे या की. मागे बसणाऱ्याला उटी आहे."

"माहीत आहे, भाउजू," धोजमान म्हणाला. त्याने आसनाखाली हात घालून लाकूड बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. "चला."

बूढी खोकली, आणि निघाली.