सिटी बसमधली आई

बाबा गेल्यावर आईचा पाय घरात ठरेना. मला ते लवकर कळलंच नाही. मी सांवेर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात खरेदीचं काम बघते. सकाळी निघायची, संध्याकाळी परत यायची, तेव्हा आई स्वयंपाकघरात असायची. मग एकदा समोरच्या सिंधी काकूंनी जिन्यात थांबवलं. "बेटा, मम्मीजी कल विजयनगर में दिखी थीं. अकेली. सब ठीक है ना?"

विजयनगर आमच्यापासून पार दुसऱ्या टोकाला. तिथे आमचं कुणी नाही. आईला विचारलं तर भाजी चिरता चिरता म्हणाली, "असंच गेले होते."

"असंच म्हणजे?"

"सिटी बसमध्ये बसले. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले, परत आले."

हे रोजचंच होतं. जेवण आटोपलं की ती कुलूप लावून निघायची आणि समोर येईल त्या बसमध्ये चढायची. मी घाबरले. विसराळूपणाची सुरुवात तर नाही ना, म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी वार विचारला, वजाबाकी करायला लावली. आईने सगळं बरोबर सांगितलं आणि वर त्यांनाच विचारलं, "यहाँ से पलासिया की बस कहाँ मिलेगी?"

बाहेर आल्यावर मात्र ती भडकली. "मी पागल नाहीये. घरात बसलं की दम घुटतो माझा. बसमध्ये चार माणसं तरी दिसतात."

त्याच सुमारास कंपनीने मला पुण्याच्या ऑफिसात बढती देऊ केली. मी नाही म्हणाले. आई एकटी आहे, असं सांगितलं. साहेबांना सांगितलं, मैत्रिणींना फोनवर सांगितलं, आणि प्रत्येक वेळी सांगताना थोडी चिडतही होते. दुपारी जेवणाचा डबा उघडला की आधी आईला फोन लावायची. पर्समधला फोन तिला कधी ऐकूच यायचा नाही. मग डबा अर्धाच खाऊन मी आवारात फेऱ्या मारायची.

एक दिवस मी घरी आले तर दाराला कुलूप. अंधार पडला तरी आईचा पत्ता नाही, फोन बंद. स्कूटर काढली. राजवाड्याचा बसस्टॉप पाहिला, कृष्णपुऱ्याच्या जुन्या दगडी समाधी-छत्र्यांपाशी उतरून पायऱ्यांवर बसलेल्या बायकांना विचारलं. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून एका बाईचा फोन आला. "बेन हमारी दुकान पे हैं. उनका मोबाइल बंद हो गया था, फ़िक्र मत करना."

दुकान बोहरा मोहल्ल्यात होतं. लहानसंच, भिंतभर रंगीबेरंगी रिदे, बोहरी बायकांचे लेस लावलेले बुरखे, टांगलेले. आई चष्मा लावून मशीनवर वाकलेली होती, पाय एका लयीत चालू. दुपारी बस सुटताना या दुकानवाल्या बाईच्या रिद्याची लेस दारात अडकून फाटली होती. आईने पर्समधून सुईदोरा काढून तिथल्या तिथे, हलत्या बसमध्ये ती टाचून दिली. टाका पाहून बाईने तिला थेट दुकानातच आणलं. लग्नाच्या ऑर्डरी पडून होत्या आणि कारीगर गावाला गेलेली होती.

"एक फोन करता येत नव्हता तुला?" मी दारातूनच ओरडले.

"थांब, एवढा गळा होऊ दे," आई मान वर न करता म्हणाली.

बाईने मला स्टूल दिलं, चहा दिला. "आप आराम से बैठो," ती म्हणाली. मला आराम कसला! मी चहा उभ्यानेच प्यायले.

परतताना मागच्या सीटवरून आई म्हणाली, "उद्यापासून मी तिथे जाणार आहे."

"या वयात नोकरी? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक?" सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा ती पुन्हा बोलली. "आणि तू ते पुण्याला नाही म्हणालीस ना, ऐकलंय मी तुला फोनवर सांगताना. ते माझ्या नावावर नको टाकूस. जायचं असेल तर जा."

सिग्नल हिरवा झाला तरी माझी स्कूटर जागची हलेना. मागून एक जण ओरडला, "चलो भिया!" इथे बाईमाणूसही भियाच.

पुण्याची जागा अजून रिकामी होती. साहेबांनी पुन्हा विचारलं. मी दोन रविवार पुण्यातल्या भाड्याच्या घरांचे फोटो बघत काढले. आईचं कारण काढून घेतल्यावर माझ्याकडे ना जायचं कारण उरलं, ना राहायचं. शेवटी नाही म्हणाले. "मन नहीं है, सर," एवढंच सांगितलं. ते खरं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

आता संध्याकाळी मीच आधी घरी येते. चहा करते, गॅलरीत जाते, परत आत येते, टीव्ही लावते, बंद करते. आई येते तेव्हा तिच्या साडीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असतात. जेवताना ती दुकानातल्या गोष्टी सांगत सुटते, अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत. तिचं जेवण होईपर्यंत मी एका जागी बसून राहते. दिवसभरात तेवढंच.