नवरीचं कापड

आईने सौंसरच्या सरकारी दवाखान्यातली सिस्टरची नोकरी सोडली, कारण बावीस वर्षं उभं राहून तिची कंबर गेली होती. बसून करता येईल असं तिला शिवणच येत होतं. नोकरीत असतानाही ती सुट्टीच्या दिवशी शिवायची. इतर सिस्टरांचंही असंच काहीतरी चालायचं. एक पापड लाटून विकायची, एक शिकवण्या घ्यायची, एकीने तर मेंदीची कामं धरली होती.

पण सौंसरला आईकडे यायचे ते परकर, शाळेचे फ्रॉक, उसवलेले कपडे. लग्नाचं कापड कुणी देत नसे. तोंडावर कुणी बोललं नाही, पण मेलेल्याला गुंडाळणारा हात नवरीच्या कापडाला लागू नये असं बायका मानत. आणि शिवणारीचं पोट भरतं ते लग्नसराईवर.

म्हणून आम्ही पांढुर्ण्याला खोली घेतली. "दवाखान्याचं कोणाले सांगू नको," आई मला एकदाच म्हणाली. मी मान हलवली. मी तशीही कुणाला काही सांगत नसे.

दहावीची परीक्षा देऊन मी नागपूरच्या वसतिगृहातून आले तेव्हा आईच्या कामाचा जम बसला होता. तीन लग्नघरांची ब्लाऊजं तिच्याकडे होती. मी काजं-बटणं करायचे आणि गप्प राहायचे. गिऱ्हाइकं माझी थट्टा करत. "हिचं बोलणं पोस्टानं येते का व?" एक बाई विचारायची आणि सगळ्या हसायच्या. आईसुद्धा.

मे महिन्यात एक म्हातारी नातीच्या लग्नाचं हिरवं रेशमी कापड घेऊन आली. ती सौंसरजवळच्या लोधीखेड्याकडची होती, लेकीची ही मुलगी पांढुर्ण्यात राहायची. आईने तिला पाहिलं आणि लगेच मापाच्या वहीत डोकं घातलं. म्हातारी मात्र तिच्याकडे बघतच राहिली.

"तुले कुठंतरी पाह्यलं वाटते व."

बाजारात पाहिलं असेल, असं आई म्हणाली. म्हातारीचं समाधान झालं नाही. मग तिने मला विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या.

मी का बोलले ते आजही मला नीट सांगता येत नाही. आई खाली मान घालून खोटं बोलत होती, ते मला बघवलं नाही. शाळेत मी तिच्यावर निबंध लिहिले होते.

"आई सौंसरच्या दवाखान्यात सिस्टर होती," मी म्हटलं. त्या सुट्टीत गिऱ्हाइकाशी बोललेलं ते माझं पहिलं पूर्ण वाक्य असावं.

म्हातारीचा चेहरा आधी उजळला. तिने आईचा हात धरला. माझ्या सुनेजवळ दिवसभर बसून होती ती तूच, म्हणाली. मग तिला पुढचं आठवलं असणार, कारण तिने हात सोडला. सुनेचं ते बाळ मेलेलंच जन्मलं होतं. आईनेच ते गुंडाळून म्हातारीच्या हातात दिलं होतं.

कापडाला अजून कात्री लागली नव्हती.

"तुह्यावर राग नाही व माय," म्हातारी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पण शुभाचं काम आहे."

आईने स्वतः कापडाची घडी घालून दिली. सुनेला पुढे मूल झालं का, एवढं विचारलं. दोन पोरं आहेत, मोठा शाळेत जातो, असं कळल्यावर "बरं झालं" म्हणाली.

गोष्ट पसरली आणि चार दिवसांत तिन्ही लग्नघरांची माणसं कापड परत न्यायला आली. एकाकडची तारीख पुढे गेली होती म्हणे. एकीचं ब्लाऊज बेतून झालं होतं. तिने ते तुकडे तसेच पिशवीत भरून नेले.

आई रागावेल म्हणून मी वाट पाहिली. ती रागावली नाही. शेवटी पाचव्या दिवशी मीच "सॉरी" म्हटलं. मराठीत माफीचा शब्द मला फार मोठा वाटत होता.

आई एका जुन्या फ्रॉकची शिवण उसवत होती.

"मुलगी होती ते बाळ," ती म्हणाली. "आजीनं उघडून पाह्यलं नाही. मले कोणी विचारलंच नाही."

मी तिच्या शेजारी बसून उसवलेले दोरे वेचत राहिले.

जूनमध्ये मी नागपूरला परत निघाले तेव्हा आई स्टेशनवर येऊ शकली नाही. एका खाजगी प्रसूतिगृहात तिची दिवसपाळी सुरू झाली होती. सकाळी मीच तिच्या कंबरेला पट्टा बांधून दिला. अजून घट्ट कर, ती म्हणत होती.